सुताराला फोन करण्याआधी: घरच्या संग्रहासाठी शोकेस कशी आखावी

नौपाड्यातली जुनी इमारत असो, घोडबंदर रोडचा टॉवर असो की नेरूळ-सीवूड्सचा फ्लॅट, संग्रह करणाऱ्यांच्या घरी बहुतेक वेळा शोकेस आधी तयार होते आणि वस्तू मागाहून तिच्यात बसवल्या जातात. समई मावत नाही म्हणून तिचा वरचा मोर काढून बाजूला ठेवलेला, अडकित्ते एकमेकांवर रचलेले, नाणी प्लास्टिकच्या पाकिटात आणि मधल्या कप्प्यात मुलांच्या ट्रॉफ्या. इंटिरियर चालू असताना ‘हॉलच्या या भिंतीला काहीतरी हवं’ एवढ्यावरच ती बनलेली असते. दिसायला वाईट नसते, पण दोन पावसाळे गेले की पितळ काळवंडतं, तळाच्या कप्प्याला कुबट वास येऊ लागतो आणि संग्रह परत माळ्यावर जातो.

इथे मी क्रम उलटा धरला आहे: आधी वस्तू, मग हवा, मग भिंत, आणि सुतार शेवटी. उदाहरणादाखल आपल्याकडे नेहमी दिसणारा संग्रह घेतो. आजोळहून आलेल्या समया आणि लामणदिवे, दहाबारा अडकित्ते, पानाचे डबे, कुंकवाचे करंडे, थोडी चांदी, जुनी नाणी, आणि कोकणातून गोळा केलेले शंख-शिंपले. तुमच्याकडे खेळण्यातल्या मोटारी किंवा कॅमेरे असतील तरी पद्धत हीच लागू पडते.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. ठाणे-नवी मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि ते चार महिने घरातली आर्द्रता ऐंशीच्या पुढे असते. इथली शोकेस ही आधी हवा अडवणारी पेटी असायला हवी. ती सुंदर दिसणं त्यानंतर येतं, आणि पुढचे बहुतेक निर्णय याच एका गोष्टीवरून ठरतात.

सगळा संग्रह चादरीवर

सुट्टीच्या दिवशी हॉलमध्ये चादर अंथरून सगळं बाहेर काढा, माळ्यावरच्या खोक्यांतलंसुद्धा. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या, फोटो घ्या आणि उंची, रुंदी, खोली, वजन वहीत लिहा. वजनाचा कंटाळा करू नका. पितळ पाण्याच्या सुमारे साडेआठपट जड असतं, त्यामुळे भरीव समई हातात घेतल्यावर अंदाज हमखास चुकतो. वस्तू उचलून वजनकाट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं.

मग उंचीप्रमाणे गट करा. करंडे, डबे आणि छोटी निरांजनं सहा इंचांच्या आत बसतात. तांबे, पंचपात्री, मध्यम समया यांना दहा-बारा इंच लागतात. मोठ्या समया वेगळ्या. लामणदिव्याला साखळीसकट टांगायला जागा हवी, म्हणजे शोकेसमधला एक उभा भाग आडव्या फळीशिवाय मोकळा ठेवावा लागतो. हे आधी सुचलं नाही तर लामणदिवा पुढे कायम आडवा झोपतो. अडकित्ते फळीवर आडवे ठेवले की समोरून नुसती धातूची रेघ दिसते. त्यांना मागे कललेला, पंधरा-वीस अंशांचा फलक द्या. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि दिवे भरपूर आहेत. तिथे गेलात तर वस्तूंइतकंच लक्ष मांडणीकडे द्या: कोणती वस्तू कोणत्या उंचीला आहे, कशी टेकवली आहे, दोन वस्तूंमध्ये किती जागा सोडली आहे.

प्रत्येक गटाच्या सर्वांत उंच वस्तूवर दोन-तीन इंच धरले की कप्प्यांच्या उंच्या मिळाल्या. कप्प्याच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापून त्यावर वस्तू मांडा आणि फोटो काढा. हाच तुमचा पहिला आराखडा.

सगळं एकदम दाखवायलाच हवं असं नाही. निम्मा संग्रह काचेमागे, निम्मा खालच्या उथळ ड्रॉवरांत आणि पाडवा-दिवाळीला अदलाबदल, ही व्यवस्था मला गच्च भरलेल्या शोकेसपेक्षा कितीतरी बरी वाटते. शिवाय संग्रह वाढतोच. आज एक तृतीयांश जागा रिकामी दिसली तर ती तशीच राहू द्या.

यादी होतेच आहे तर कायद्याचंही पाहून घ्या. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, चित्रं अशा काही प्रकारच्या वस्तूंची नोंदणी १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याखाली करावी लागते. प्रवाळ आणि काही मोठे शंख वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत. किनाऱ्यावर सापडलं म्हणजे घरी ठेवायला हरकत नाही, असं समजू नका.

कोणती वस्तू कशाने खराब होते

साहित्य ठरवण्याआधी हे कळायला हवं, कारण काही वेळा नासाडी शोकेसच करते.

पितळ-तांब्याचे शत्रू म्हणजे दमट हवा, खारटपणा आणि हाताचा घाम. जुन्या समयांत आणखी एक भानगड असते: मुरलेलं तेल. तेलातली आम्लं तांब्याशी मिळून हिरवट, चिकट थर बनवतात आणि त्यावर धूळ बसते. म्हणून काचेमागे ठेवण्याआधी समई कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुऊन, फिरकी सुटत असेल तर भाग वेगळे करून, पूर्ण कोरडी करा. रोजच्या देवघरातली भांडी चिंचेने लखलखीत करा हवी तर. जुन्या कोरीव वस्तूवर मात्र चिंच, लिंबू आणि घासणी नको, प्रत्येक वेळी धातूचा थोडा थर जातो आणि नक्षी बोथट होते. जुन्या कांस्यावर फिकट हिरवी भुकटी दिसली आणि पुसल्यावर परत आली, तर ती वस्तू आधी बाजूला काढा. धातूत मुरलेले क्लोराइडचे क्षार दमट हवेत जागे होतात, तेव्हा असं होतं. अशा वस्तूला चाळीस टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असलेला वेगळा घट्ट डबा हवा.

चांदी काळी पडते ती गंधकाच्या वायूंमुळे. वाशी, ऐरोली, कोपरीच्या बाजूला राहणाऱ्यांना ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलाचा वास परिचयाचा आहे. त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो आणि चांदीला तो अगदी थोडा पुरतो. पण गंधक बाहेरूनच येतं असं नाही. लोकरीचं फेल्ट आणि साध्या रबराच्या पट्ट्यासुद्धा ते सोडतात. म्हणजे चांदीसाठी हौसेने लोकरीचं अस्तर लावलं तर चांदी त्यानेच काळी पडू शकते. अस्तर हवंच असेल तर धुतलेलं, न रंगवलेलं सुती कापड घ्या.

शंख-शिंपल्यांचं दुखणं सहसा ओळखू येत नाही. बंद लाकडी कपाटात काही वर्षांनी शंखावर पांढरी भुकटी जमते, चकाकी जाते. लोक बुरशी समजून पुसतात. लाकूड, प्लाय आणि गोंद यांतून निघणाऱ्या ॲसिटिक आणि फॉर्मिक आम्लाच्या वाफांची शंखातल्या कॅल्शियम कार्बोनेटवर क्रिया होते, त्याचे हे क्षार. झिजलेला भाग परत येत नाही. शिशाच्या वस्तूंनाही याच वाफा बाधतात. म्हणून माझा सल्ला असा की शंख आणि शिसं प्लायच्या शोकेसमध्ये ठेवूच नका. त्यांना काचेची पेटी किंवा पावडर कोटिंग केलेलं लहान पत्र्याचं कपाट द्या. नाण्यांची जुनी मऊ पीव्हीसी पाकिटं टाकून द्या, त्यांनी तांब्याच्या नाण्यांवर हिरवी चिकटी धरते.

ब्रिटिश म्युझियममध्ये १९७३ साली अँड्र्यू ऑडी यांनी यासाठी एक चाचणी काढली. शोकेसमध्ये वापरायचं साहित्य, थोडं पाणी आणि चांदी, शिसं, तांबं यांचे तुकडे बंद नळीत ६० अंशांवर २८ दिवस ठेवायचे आणि कोणता तुकडा खराब झाला ते बघायचं. घरी तंतोतंत जमणार नाही, पण ढोबळ नक्कल करता येते. काचेच्या दोन बरण्या घ्या. दोन्हींत घासून चकचकीत केलेली तांब्याची पट्टी आणि ओल्या कापसाची छोटी बाटली ठेवा. एकीत तुमच्या प्लायचा, लॅमिनेटचा, अस्तराचा तुकडा टाका, दुसरी तशीच ठेवा. झाकणं घट्ट लावून महिनाभर उबदार जागी राहू द्या. दोन पट्ट्यांत ठळक फरक दिसला तर ते साहित्य नको.

भिंत निवडणं

आपल्याकडे नैर्ऋत्येकडून पाऊस झोडपतो. त्या बाजूची बाहेरची भिंत आणि बाथरूमला लागून असलेली भिंत या दोन्ही बाद समजा. जुन्या सिडको इमारतींत आणि ठाण्याच्या जुन्या वस्तीत राहणाऱ्यांना हे सांगायला नको, त्यांच्या भिंतींवर पोपडे असतातच. नव्या टॉवरमध्ये मात्र रंग ताजा असतो आणि ओल झाकलेली राहते. फूटभर प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि दोन दिवसांनी काढा. आतल्या बाजूला दव दिसलं किंवा भिंत गडद झालेली असली, तर जागा बदला. ही परीक्षा जुलैमध्ये करण्यात अर्थ आहे, मार्चमध्ये प्रत्येक भिंत कोरडीच निघते.

दोन खोल्यांमधली आतली भिंत सर्वांत चांगली. तरीही मागे इंचभर पोकळी सोडा. पश्चिमेच्या खिडकीचं ऊन, एसीचा थेट झोत आणि देवघराची उदबत्ती-कापूर यांपासून लांब. हल्ली हॉल आणि स्वयंपाकघर एकच असतं. फोडणीची वाफ काचेवर आणि पितळेवर बसते आणि तिच्यावर धूळ चिकटते, म्हणून ओट्यासमोरची भिंतही नको.

भिंत कशाची आहे हेही विचारून ठेवा. नव्या टॉवरांत ‘मायवन’च्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, काँक्रीटच्या भिंती असतात, तिथे हॅमर ड्रिलशिवाय भोक पडत नाही पण पकड उत्तम मिळते. सिपोरेक्ससारख्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा रावळप्लग ढिला होतो, त्यासाठी वेगळे अँकर मिळतात. जिप्समच्या पार्टिशनवर वजन टांगूच नका. शोकेस जमिनीवर उभी असली तरी वरच्या बाजूला भिंतीशी जखडा. आपला भाग भूकंपाच्या तिसऱ्या विभागात येतो, आणि त्याहून जवळचा धोका म्हणजे ड्रॉवर ओढून त्यावर चढणारं लहान मूल.

वजनाचा हिशोबही करा. राहत्या खोल्यांची जमीन चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराच्या भारासाठी धरलेली असते. साडेतीन फूट रुंद शोकेस अर्ध्या चौरस मीटरपेक्षाही कमी जागा व्यापते आणि पितळ, काच, प्लाय मिळून दोनशे किलो सहज होतात. भार आजूबाजूच्या स्लॅबवर वाटला जातो, त्यामुळे तुळईजवळच्या भिंतीलगत सहसा अडचण येत नाही. एकूण वजन तीनशेच्या पुढे जाणार असेल किंवा इमारत जुनी असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारलेलं बरं.

मापं

शोकेस हॉलमध्ये असेल तर ती बहुतेक वेळा बसूनच पाहिली जाते. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन-चार फुटांवर असतात, उभ्या माणसाचे पाचच्या आसपास. म्हणून अडीच ते पाच फुटांचा पट्टा खास वस्तूंसाठी ठेवा. त्याखाली ड्रॉवर, वर मोठ्या वस्तू. छताला भिडणारी शोकेस बनवली तर वरच्या दोन फुटांत काय आहे, हे घरच्यांनाही आठवत नाही.

आतली खोली बारा इंच पुरते. जास्त खोल कप्प्यात मागची रांग पुढच्या रांगेआड जाते. समोर चालायला तीन फूट राहतील ना आणि दार पूर्ण उघडेल ना, हे मास्किंग टेपने जमिनीवर आखून पाहा आणि दोन दिवस त्या आखणीला वळसा घालून घरात वावरा.

बाहेरची खोली सोळा इंच सांगण्याआधी थांबा. प्लायचं शीट आठ बाय चार फुटांचं, म्हणजे रुंदी ४८ इंच. करवतीत जाणारी जाडी धरली तर सोळा इंचांच्या तीन पट्ट्या निघत नाहीत. पावणेसोळा सांगितलं तर निघतात. एवढ्याने एखादं शीट वाचू शकतं. सुतार इंच आणि सूत बोलतात, काचवाला एमएम. एका इंचात आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण तीन एमएम. आराखड्यावर दोन्ही लिहा.

सात फुटी अखंड सांगाडा लिफ्टमध्ये जात नाही आणि जिन्याच्या वळणावर अडकतो. खालचा ड्रॉवरचा भाग आणि वरचा काचेचा भाग वेगळे करून जागेवर बोल्टने जोडायला सांगा. घर बदलताना याची किंमत कळते.

१८ एमएम प्लायची फळी अडीच फुटांपेक्षा लांब ठेवली तर पितळेच्या वजनाने वर्षभरात पोट सोडते. पुढच्या कडेला दीड इंचाची लाकडी पट्टी लावली की ती ताठ राहते, आणि तिच्यामागे दिवाही लपतो. काचेच्या फळीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. टफन केल्याने काच मजबूत होते, पण ताठ होत नाही. तेवढ्याच वजनाखाली टफन आणि साधी काच सारखीच वाकतात. वाकणं जाडीवर आणि लांबीवर ठरतं. अडीच फूट बाय एक फूट, आठ एमएमची फळी स्वतःच साडेचार किलोंच्या वर भरते (काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर एमएम जाडीला अडीच किलो). मी जड पितळ प्लायच्या फळ्यांवर खाली ठेवतो आणि करंडे, अत्तरदाण्या काचेच्या फळ्यांवर वर.

प्लाय, काच, चिकटवणारं साहित्य

तळाला आणि पाठीला आयएस ७१० या भारतीय मानकाचं मरीन प्लाय घ्या, शिक्का प्रत्येक शीटवर बघून. कमी फॉर्मल्डिहाइडचं, म्हणजे ‘ई-झीरो’ किंवा ‘ई-वन’ मिळालं तर तेच. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड नको. लादी पुसताना रोज ओला फडका लागून त्यांचा तळ फुगतो. प्लायलासुद्धा जमिनीपासून तीन-चार इंच वर उचला. स्टीलचे पाय किंवा ग्रॅनाइटची पट्टी, काहीही चालेल.

आतून-बाहेरून, कडांसकट, सगळीकडे लॅमिनेट आणि एज बँडिंग (कडा झाकणारी पट्टी) हवं. सुतार पाठीच्या मागची बाजू आणि फळीची मागची कड उघडी सोडतात, ‘कोण बघतंय’ म्हणून. पण ओल तिथूनच शिरते आणि वाफाही तिथूनच येतात. एका बाजूला लॅमिनेट आणि दुसरी कोरी असेल तर फळी वाकडीही होते. हा मुद्दा कोटेशनमध्ये लिहून घ्या.

सांध्यांना लावायचा सिलिकॉन ‘न्यूट्रल’ असावा. ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर तो ॲसिटिक प्रकारचा आहे आणि तो वास म्हणजेच शंख-शिशाला मारक असलेली वाफ. दुकानदार बहुधा हाच आधी काढून देतो, स्वस्त असतो म्हणून. पांढरा गोंदही सुकताना तेच सोडतो, पण त्याला पर्याय नाही. त्यासाठी शेवटी वेळ द्यायचा आहे.

दारांच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: सरकती काच नको. दोन काचांमधल्या फटीतून हवा आणि धूळ दोन्ही आत येतात, आणि घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामाच्या काळात राहिलेल्यांना धुळीबद्दल सांगायला नको. बिनचौकटीचं काचेचं दार दिसतं छान, पण चारही बाजूंनी तीन-चार एमएमची फट राहते. ॲल्युमिनियम प्रोफाइलच्या चौकटीत पाच एमएम टफन काच, चौकटीला सिलिकॉन रबराची गॅस्केट (फट बुजवणारी पट्टी) आणि दाबून बंद होणारं कुलूप, हे सर्वांत व्यवहार्य. हिरवट छटा खटकत असेल तर एक्स्ट्रा क्लिअर काच मागा, महाग पडते. टफन झालेल्या काचेला नंतर कापता किंवा भोक पाडता येत नाही. त्यामुळे काचवाल्याने मापं सांगाडा उभा राहून पाणसळीत बसल्यावरच घ्यायची, आराखड्यावरून नाहीत.

पाठीला आरसा लावायची फॅशन आहे. आरशात वस्तूंची मागची बाजू कमी आणि हॉलचा पंखा जास्त दिसतो, आणि दमट हवेत आरशाच्या कडा काळ्या पडतात. पितळेमागे मॅट गडद निळा किंवा राखाडी लॅमिनेट फार खुलतो.

आर्द्रतेचं गणित

सहा फूट बाय तीन फूट बाय एक फूट, म्हणजे सुमारे अर्धा घनमीटर हवा. ३० अंश तापमानाला आणि ८५ टक्के आर्द्रतेला त्या हवेत साधारण १३ ग्रॅम पाणी असतं, दोन-तीन चमचे. एवढं शोषणं सिलिका जेलला सोपं आहे. अडचण येते ती गळतीमुळे. गॅस्केट चांगली असेल आणि आतली हवा दिवसातून एकदाच बदलत असेल, तर आर्द्रता ५५ वर ठेवायला रोज साडेचार ग्रॅम पाणी शोषावं लागेल. चार महिन्यांचं अर्धा किलोच्या थोडं वर. वाळवलेलं सिलिका जेल अशा परिस्थितीत स्वतःच्या वजनाच्या पावपट तरी पाणी धरतं, म्हणजे दोन-अडीच किलोंत पावसाळा निघतो. मधे एकदा वाळवलं तर त्याच्या निम्म्यात. पण दाराला फटी असतील आणि हवा दिवसातून पाच वेळा बदलत असेल, तर हेच गणित बारा किलोंवर जातं. गॅस्केटचा आग्रह यासाठी. ऑनलाइन मिळणाऱ्या इवल्याशा पुड्या फळीवर विखुरण्याचा उपयोग मनाच्या समाधानापुरता.

आराखड्यात जेलसाठी तळाला एक उथळ, वेगळा उघडणारा खण ठेवा आणि त्याच्या वरच्या फळीला भोकं पाडा. मुख्य दार न उघडता जेल बदलता आलं पाहिजे. नारिंगी रंगाचं जेल घ्या, ते ओलं झाल्यावर हिरवट होतं. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, घरात ते टाळावं. वाळवायला ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर दोन-तीन तास, मग बंद डब्यात गार करायचं.

आत एक डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. तो बरोबर दाखवतो का, हे मिठाने तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थोडं पाणी घाला, लगद्याइतकंच. ते आणि मापक एका घट्ट पिशवीत रात्रभर ठेवा. आकडा ७५ च्या जवळ यायला हवा. फरक असेल तर तो लक्षात ठेवून पुढे वजाबाकी करायची.

दिवे

प्रत्येक कप्प्याला पुढच्या कडेच्या पट्टीमागे, आत झुकलेली एलईडी पट्टी, ॲल्युमिनियम प्रोफाइलमध्ये दुधी कव्हरसकट. मागून प्रकाश दिला तर वस्तूची फक्त काळी सावली दिसते. पितळ-तांब्याला ३००० केल्विनचा पिवळसर प्रकाश, चांदी आणि काचेला ४००० चा पांढरा, सीआरआय (वस्तूचे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर. एलईडीला वीज पुरवणारा ड्रायव्हर शोकेसच्या बाहेर, हवेशीर जागी. आत ठेवला तर संध्याकाळी आतली हवा तापते आणि रात्री थंड होते, आणि रोजच्या या चढउतारात आर्द्रताही वरखाली होते. धातूला प्रकाशाने काही होत नाही. जुने फोटो, कागद, कापड असेल तर संग्रहालयं ५० लक्सच्या, म्हणजे मंद प्रकाशाच्या, आसपास थांबतात, म्हणून त्या कप्प्याला वेगळा डिमर.

पट्टी लावण्याआधी सोफ्यावर बसून बघा, उघडा दिवा डोळ्यात येतो का. वायर आणि स्विचची जागा इलेक्ट्रिशियनने सुताराआधी ठरवायची.

आता सुतार

त्याच्या हातात द्यायचे तीन कागद: समोरून दिसणारा आराखडा, बाजूने छेद, आणि वस्तूंची यादी वजनासकट. तिसरा कागद बघून चांगला मिस्त्री स्वतःच फळीची जाडी वाढवायला सांगतो. जो यादीकडे ढुंकूनही पाहत नाही आणि ‘होऊन जाईल साहेब’ म्हणतो, त्याला चहा पाजून निरोप द्या.

दर बहुधा समोरच्या चौरस फुटावर सांगतात, उंची गुणिले रुंदी. त्यात काच, बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनेल, दिवे आणि कुलूप धरलेत की नाही, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. त्यामुळे दोन कोटेशनांची तुलना नुसत्या दराने होत नाही. पाठ किती एमएमची, आतून लॅमिनेट आहे का, सिलिकॉन कोणता, गॅस्केट कोण आणणार, हे सगळं एकाच नमुन्यात दोघांकडूनही लिहून मागा. पैसे टप्प्यांनी द्या आणि शेवटचा हप्ता दारं घट्ट बसल्यावर. घट्टपणा तपासायला कागदाची पट्टी दारात धरून बंद करायची. ओढल्यावर सहज निघाली तर तिथे फट आहे. चारही बाजूंनी हे करा.

कापाकापी कारखान्यात करून घरी फक्त जुळणी होत असेल तर मी तेच निवडेन. एज बँडिंग यंत्रावर चांगलं बसतं आणि सोसायटीत भांडणं होत नाहीत. घरीच काम असेल तर सोसायटीची लेखी परवानगी, कामाच्या वेळा, लिफ्टचं अनामत आणि भुश्शाची विल्हेवाट आधी विचारा. जिन्याच्या चौकात करवत लावली की पहिली तक्रार तासाभरात येते.

काम सप्टेंबरनंतर सुरू करून फेब्रुवारीपर्यंत संपवणं उत्तम. पावसात प्लाय ओल धरतं, त्यावर लॅमिनेट चढवलं की ती ओल आतच कोंडली जाते.

वस्तू आत जाण्याआधी

शोकेस तयार झाली की ती लगेच भरायची नाही. दारं उघडी ठेवून निदान चार आठवडे, जमलं तर त्याहून जास्त, हवा खेळू द्या. गोंद, पॉलिश आणि सिलिकॉन यांच्या वाफा बऱ्याचशा याच काळात निघून जातात. नंतर दारं दोन दिवस बंद ठेवा, उघडताक्षणी वास घ्या. डोळे चुरचुरले किंवा नव्या फर्निचरचा उग्र दर्प आला तर अजून थांबा.

मग जेल भरा, मापक ठेवा आणि आठवडाभर आकडे टिपा, बाहेरचा आणि आतला. दोन्ही एकाच चालीने वरखाली होत असतील तर दार गळतं आहे. मिस्त्रीला तेव्हाच परत बोलवा, हप्ता हातात आहे तोवर.

वस्तू सुती किंवा नायट्राइल हातमोजे घालून ठेवा. पितळेवर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात दिला तर ते बरीच वर्षं चमक धरतं. पहिल्या पावसाळ्यात आत फक्त दणकट पितळ राहू द्या. चांदी, नाणी आणि कांस्य गणपतीनंतर, मापकातला आकडा जून ते सप्टेंबर साठच्या खाली राहिला असेल तरच.